सासूबाईंचा गुडघा, नणंदेचा रोबोट आणि द्राक्षाचे पैसे

पत्र असं आलंय:

"सिस्टर, नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या गावातून लिहितेय. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेत, उजवा जास्त. शुगर आहे, बीपीची गोळी चालू आहे. मिरजेचे डॉक्टर म्हणाले आता गोळ्या-इंजेक्शनात अर्थ नाही, उजव्याचं ऑपरेशन करून घ्या. ते साध्या पद्धतीनेच करतात. पुण्याची नणंद म्हणते आता सगळीकडे रोबोटने होतं, मिरजेत कशाला, इकडे आणा, दीड लाख जास्त गेले तर जाऊ देत. मिस्टर म्हणतात द्राक्षाचे पैसे हातात आहेत तोवर उरकून टाकू. सासूबाई म्हणतात मशीनच्या हाती पाय देणार नाही, मधेच लाईट गेली तर काय? भाच्याने एक्सरेचा फोटो मोबाईलमधल्या एआयला दाखवला, ते म्हणालं चौथी स्टेज. मला कोण विचारत नाही पण नंतरचं सगळं मलाच करायचंय, दोन पोरं शाळेत आहेत. रोबोटने खरंच फरक पडतो का?"

फरक पडतो, पण तुझ्या नणंदेला वाटतो तेवढा नाही आणि तिला वाटतो तिथे तर नाहीच. एवढं सांगून सोडता आलं असतं पण तुमच्या घरात जेवढी माणसं तेवढी मतं दिसतायत आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लागणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही. मिरजेत हाडांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर म्हणून नोकरी झाली, शेवटी शेवटी रोबोटवाल्या केसेसनापण उभी राहिले, त्यामुळे आत काय चालतं ते बघितलंय. ऑपरेशन करायचं का, कधी करायचं, एक गुडघा का दोन, हे डॉक्टर आणि सासूबाईंनीच ठरवायचं, त्यात मी पडत नाही.

आधी सासूबाईंचं बघू, कारण पाय त्यांचा आहे. त्यांच्या डोळ्यासमोर टीव्हीतला लोखंडी माणूस असणार, तो आला आणि करवत चालवून गेला. तसं काही नसतं गं. टेबलाच्या बाजूला चाकं असलेला एक खोका असतो, त्याला एक लांब हात, आणि समोर स्टँडवर कॅमेरा नि स्क्रीन. डॉक्टर मांडीच्या हाडात आणि नडगीत बारीक पिना बसवतात, त्या पिनांवर चकाकणाऱ्या छोट्या गोळ्या असतात, कॅमेऱ्याला त्या गोळ्या दिसतात म्हणून पाय इकडचा तिकडे झाला तरी मशीनला कळतं की हाड आत्ता कुठंय. काही कंपन्यांच्या मशीनला आधी सीटी स्कॅन लागतो, काहींना लागत नाही, तिथे डॉक्टर एका टोकदार सळईने हाडावर ठिकठिकाणी टेकवत जातात आणि स्क्रीनवर हाडाचा नकाशा तयार होतो. मग किती मिलिमीटर हाड काढायचं, किती अंशात, ते डॉक्टर स्क्रीनवर ठरवतात. हाडाच्या टोकाचा साधारण 8-10 मिलिमीटरचा थर निघतो, बास, त्यावर धातूची टोपी आणि मधे प्लास्टिकची गादी, यालाच इम्प्लांट म्हणतात. लोक "वाटी बदलली" म्हणतात तेव्हा अख्खा सांधा काढून टाकला असं वाटतं, तसं नाहीये.

आणि कापतं कोण? डॉक्टरच. बऱ्याच मशीनमध्ये करवत त्या यांत्रिक हाताला लावलेली असते पण धरून चालवतात डॉक्टर, आणि ठरवलेल्या हद्दीच्या बाहेर पातं जायला लागलं की मशीन अडवतं. काहींमध्ये मशीन नुसती कापायची पट्टी बरोबर जागेवर धरून ठेवतं. एखादं मशीन स्वतः हाड घासतं, तेव्हासुद्धा डॉक्टर तिथेच उभे आणि थांबवायचं बटण त्यांच्याकडे. मजा सांगते, एवढं लाखो-करोडोंचं मशीन आणि त्या गोळीवर रक्ताचा एक थेंब उडाला की स्क्रीनवरचं हाड गायब. मग "सिस्टर, पुसा", पुसलं की परत दिसतं. नाहीतर नवीन शिकायला आलेलं पोरगं नेमकं कॅमेऱ्याच्या आणि पायाच्या मधे येऊन उभं राहतं, डॉक्टर ओरडतात, ते सरकतं, मशीन चालू. सासूबाईंना हे जरूर सांग, हसतील आणि भीती थोडी जाईल.

लाईटचं त्यांनी विचारलं ते मला फार आवडलं, एवढा व्यवहारी प्रश्न सुशिक्षित माणसं विचारत नाहीत. ओटीला यूपीएस आणि जनरेटर असतो, लाईट गेली तरी आतलं काम थांबत नाही. पण मशीन दुसऱ्या कारणानेही बंद पडू शकतं, पिन हलली, सॉफ्टवेअर अडकलं, असं होतं कधीतरी. तेव्हा मशीन बाजूला ढकलायचं आणि साध्या पद्धतीच्या पट्ट्या वापरून ऑपरेशन पूर्ण करायचं, म्हणून साधा इन्स्ट्रुमेंटचा सेट निर्जंतुक करून तयार ठेवतात. आता यातली खोच बघ, मशीन बंद पडल्यावर ज्यांना हाताने करता येतं तेच डॉक्टर मशीननेही करायला लायक. म्हणजे पुण्याला गेलात तरी हा प्रश्न विचारायचाच, "मशीन मधेच बंद पडलं तर तुम्ही काय करता?" उत्तर सरळ आलं तर ठीक, "तसं होतच नाही" म्हणाले तर उठून या.

नणंदेने रीलमध्ये बघितलं असेल की डॉक्टर एका शहरात आणि पेशंट दुसऱ्या शहरात, तेपण खरंय पण ते वेगळं प्रकरण. सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या डॉक्टरांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या एका बाईचं पित्ताशय काढलं होतं, मधे अख्खा समुद्र. पोटाच्या ऑपरेशनातले ते रोबोट असे की डॉक्टर टेबलापासून लांब खुर्चीत बसून आतल्या काड्या हलवतात. गुडघ्यात तसं नसतं, डॉक्टर टेबलाला चिकटून उभेच असतात, घाम गाळत.

आता नणंद. तिच्या हेतूवर शंका नको घेऊस, आईसाठी चांगलं ते हवं म्हणूनच बोलतेय बिचारी, शिवाय लांब राहणाऱ्या लेकीला सेवा करता येत नाही मग ती पैशाने करायला बघते, हे आपण घरोघरी बघतो. पण तिला दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक म्हणजे रोबोटने केलेला गुडघा एक्सरेत जास्त नेमका दिसतो, हे खरंय, अभ्यासांमध्ये ते बऱ्यापैकी सिद्ध झालंय, अंशाअंशाची चूक कमी होते. साध्या पद्धतीत दिशा ठरवायला मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब सळई घालतात, ती इथे घालावी लागत नाही, हापण फायदा. पण वर्षभराने पेशंटला विचारलं की बाई दुखतं का, जिना चढता का, बाजारात जाता का, तर रोबोटवाले आणि बिगर-रोबोटवाले यांच्या उत्तरात फार अंतर निघत नाही. एक्सरे सुंदर आला म्हणजे माणूस सुंदर चालला असं नसतं.

दुसरी गोष्ट. साध्या पद्धतीने बसवलेले गुडघे टिकतात किती? 2019 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात मोठा अभ्यास आला, देशांनी ठेवलेल्या सांधे-नोंदींवरून त्यांनी काढलं की पूर्ण गुडघा बदललेल्या 100 पैकी साधारण 82 गुडघे 25 वर्षांनीही टिकून असतात. 25 वर्षांपूर्वी बसवलेले म्हणजे जवळजवळ सगळे हाताने, पट्ट्या लावून केलेले. सासूबाई 71 च्या, अधिक 25 किती होतात ते नणंदेलाच करू दे. रोबोटचे गुडघे एवढी वर्षं टिकतात का हे बघायला तेवढी वर्षं तर जायला हवीत ना. ते वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, चांगलेच असतील, पण "साधं म्हणजे जुनाट आणि धोक्याचं" हे जे तिच्या डोक्यात बसलंय ते काढायला हवं.

हां, काही पेशंटना मशीनचा खरा उपयोग होतो. पाय फारच वाकडा झालेला असेल, मांडीचं हाड पूर्वी मोडून आत रॉड किंवा प्लेट असेल त्यामुळे सळई घालायला वाटच नसेल, किंवा गुडघ्याचा अर्धाच भाग बदलायचा असेल, तिथे मशीन कामाला येतं. सासूबाईंचं यातलं काही आहे का ते मिरजेच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. असेल तर नणंद बरोबर, माझं काही म्हणणं नाही.

नसेल तर प्रश्न मशीनचा उरत नाही, डॉक्टरांचा उरतो. वर्षाला भरपूर गुडघे करणाऱ्या डॉक्टरांचे निकाल कमी करणाऱ्यांपेक्षा चांगले येतात, हे जगभर दिसलंय. म्हणून दोन्हीकडे तेच विचारा, वर्षाला किती गुडघे करता, ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का ज्युनिअर करणार, आणि इन्फेक्शन झालं तर पुढचं कोण बघतं. मशीनवाल्यांना वरून हे विचारा की तुमच्या मशीनवर ठराविक कंपनीचाच इम्प्लांट बसतो का, कारण काही मशीन तसे बंदिस्त असतात, मशीन ज्या कंपनीचं इम्प्लांटपण त्याच कंपनीचा. मशीन नवीन आलं असेल तर पहिल्या काही केसेसना वेळ जास्त लागतो, तेव्हा तुमचा नंबर कितवा हे विचारायलापण लाजू नका. विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागवत नाही, मी बघितलंय, उलट खूश होतात की घरचे शहाणे आहेत.

आणि मिरजेला कमी लेखू नका बाई. डॉ. वॉनलेस यांचं हॉस्पिटल 1894 चं, सरकारी मेडिकल कॉलेज 1962 चं, बेळगाव-विजापूरकडची माणसं रेल्वेने उतरून मिरजेत ऑपरेशन करून परत जातात हे आपण लहानपणापासून बघतोय. तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंतर. मिरज तासाभराच्या वाटेवर, पुणं दोनशे किलोमीटरच्या वर. टाके निघायला दोन आठवड्यांनी जायचं, मग सहा आठवड्यांनी, मधे जखम ओली झाली तर कधीही जायचं. पाय न वाकणाऱ्या माणसाला गाडीत चार-पाच तास बसवून न्यायचं म्हणजे त्याचेही हाल आणि पायात रक्ताची गाठ व्हायची भीती वेगळी. पुण्यालाच करायचं ठरलं तर निदान पहिले दोन आठवडे सासूबाई नणंदेकडे राहतील, हे आधी पक्कं करून घे. यावर नणंद काय म्हणते बघ, बरंचसं उत्तर तिथेच मिळेल.

पैशाचं बोलू, कारण द्राक्षाचे पैसे किती कष्टाचे असतात आणि पुढच्या हंगामाची औषधं-खतं त्यातूनच निघतात हे मी तुला सांगायला नको. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारच्या एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या खात्याने, गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूचा इम्प्लांट दीड लाखाच्या पुढे मिळायचा तो तेव्हा जीएसटी सोडून 55 हजारांच्या आत आला. पण ती मर्यादा इम्प्लांटवर आहे, रोबोटवर नाही. म्हणून बिलात "रोबोटिक चार्जेस", "डिस्पोजेबल", "सॉफ्टवेअर" अशा नावाने जे येतं ते हॉस्पिटल ठरवेल ते. आधी लेखी एस्टिमेट घ्या, इम्प्लांटचं नाव आणि किंमत वेगळी, रोबोटची वेगळी, रूमची वेगळी. तोंडी "पॅकेज" वर विश्वास ठेवू नका.

नणंद पुण्यात कंपनीत आहे का? असेल तर तिच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील कव्हर आहेत का हे तिला विचारायला सांग, बऱ्याच कंपन्यांत असतात आणि लोकांना माहितीच नसतं. फक्त रोबोटिक सर्जरीवर पॉलिसीत वेगळी मर्यादा असू शकते, विमा कंपन्यांना तशी मुभा आहे, तेव्हा ते कलम वाचूनच पुढे जा. आणि सासूबाई 70 च्या पुढे आहेत, म्हणजे ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मानचं वय वंदना कार्ड त्यांना उत्पन्न न बघता मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंत. नुसता आधार लागतो. महात्मा फुले योजना आहेच. गुडघा बदलण्याचं पॅकेज कुठल्या हॉस्पिटलला लागू आहे हे हॉस्पिटलमध्ये योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र असतो त्याच्या टेबलावर जाऊन विचार, फोनवर नको, समोर बसून. योजनेतले उपचार कॅशलेस असतात, वर पैसे मागितले तर 14555 वर तक्रार करता येते. मिस्टरांना सांग की ही चौकशी झाल्याशिवाय बँकेतून एक रुपया काढायचा नाही.

भाच्याचं एआय. चौथी स्टेज म्हणालं तर चुकीचं म्हणालं असं नाही, केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी 1957 मध्ये एक्सरेवरून 0 ते 4 अशा पायऱ्या ठरवल्या, तीच भाषा ते बोलतंय. पण मोबाईलने काढलेला एक्सरेचा फोटो, तोपण खिडकीला लावून, त्यात सांध्याची फट खरी किती ते कळत नाही, आणि एक्सरे उभं राहून काढलाय का झोपून यावरपण फट बदलते. चौथ्या स्टेजची बाई शेतात खुरपते आणि दुसऱ्या स्टेजची पलंगावरून उठत नाही, हे मी किती वेळा बघितलंय. किती चालता येतं, रात्री झोप लागते का, यावर ऑपरेशन ठरतं. भाच्याला दुसरं काम द्या, ते खाली सांगते.

आता मला जे खरं सांगायचंय ते. डिजिटल डिजिटल म्हणून लोक रोबोटकडे बघतात, पण ओटीत मशीनशिवाय जीव कशाने वाचले विचारशील तर एका कागदाने. डब्ल्यूएचओने 2008 मध्ये 19 मुद्द्यांची यादी काढली, भूल द्यायच्या आधी, कापायच्या आधी आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी मोठ्याने वाचायची. पेशंटचं नाव काय, कुठला पाय, अँटिबायोटिक दिलं का, ॲलर्जी आहे का, कापसाचे बोळे मोजले का. आठ शहरांत करून बघितलं, त्यात दिल्लीपण होती, 2009 मध्ये निकाल आला, मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. कुठलं मशीन नाही की वायर नाही. तेव्हा सासूबाईंना आत नेण्याआधी, त्या जाग्या असताना, उजव्या पायावर मार्करने खूण केली का एवढं बघ. केली नसेल तर विचार, हक्काने विचार.

आणि शुगर. गुडघ्यात इन्फेक्शन झालं की दीड लाख काय, तीनपट गेले तरी मिटत नाही, परत उघडायचं, परत बंद करायचं. एचबीएवनसी ही तीन महिन्यांची शुगर ऑपरेशनच्या आधी आटोक्यात हवी, डॉक्टर आकडा सांगतील, बहुतेक साडेसात-आठच्या आत मागतात. लघवीचं इन्फेक्शन, किडलेले दात, पायाच्या भेगा, हे सगळं आधी निस्तरायचं. ग्लुकोमीटर आणि बीपीचं मशीन घरात असू दे, आकडे वहीत लिही, तारखेसकट. नणंदेला दीड लाख खर्चायचेच असतील तर त्यातले थोडे इथे आणि फिजिओथेरपीत घालू दे, आईच्या पायाला रोबोटपेक्षा ते जास्त लागू पडतील.

भाच्याचं काम आता. सगळे जुने रिपोर्ट, एक्सरे, गोळ्यांच्या चिठ्ठ्या यांचे नीट फोटो काढून एका फोल्डरमध्ये तारखेप्रमाणे लावायचे. एक्सरे-सीटीची सीडी किंवा लिंक मागून घ्यायची, व्हॉट्सॲपवर फोटो दाबला जातो, डॉक्टरांना मूळ फाईल मिळाली की त्यावर मापं घेता येतात. सासूबाईंचा आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर काढायचा, 14 आकड्यांचा असतो, सक्तीचा नाही पण मिरज-पुणे असं दोन्हीकडे दाखवायचं असेल तर संमती देऊन रिपोर्ट इकडून तिकडे जातात. ऑपरेशन झाल्यावर फाईलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवतात, कंपनी, साईज, लॉट नंबर, त्याचा फोटो जपून ठेवायचा. दहा वर्षांनी त्याच गुडघ्याला काही झालं तर डॉक्टर पहिलं तेच विचारतात आणि नेमकं तेच कुणाकडे नसतं. हॉस्पिटल कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर नियम असा आहे की लेखी मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड द्यायला लागतं.

आता तू. ऑपरेशन दीड-दोन तासांचं असतं, खरी लढाई नंतर सहा आठवडे घरात चालते आणि ती तुझ्या गळ्यात पडणार आहे. रीलमध्ये बाई त्याच दिवशी चालताना दिसते ना, ती साध्या ऑपरेशननंतरही चालते, मणक्यातल्या भुलीचा आणि नसेच्या इंजेक्शनचा असर असतो तोवर दुखत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. तेव्हा सासूबाई म्हणतील गुडघ्याखाली उशी दे, बरं वाटतं. द्यायची नाही! बरं वाटतं पण गुडघा वाकलेलाच आखडतो आणि मग सरळ होत नाही. उशी टाचेखाली. शेजारपाजारच्या बायका येतील, "अगं दे गं म्हातारीला, किती छळते सून" म्हणतील, तू ऐकू नकोस, वाटलं तर हे पत्र दाखव.

फिजिओ रोज तासगावहून गावात येणार नाही, आला तरी महाग पडतं. इथे मात्र मोबाईल खरा कामाला येतो. कॅनडात क्विबेकमध्ये 205 पेशंटवर बघितलं होतं, 2015 मध्ये छापून आलं, निम्म्यांना फिजिओ घरी येऊन व्यायाम द्यायचे आणि निम्म्यांना व्हिडिओवरून, निकाल सारखेच आले. तेव्हा डॉक्टरांना विचार की आठवड्यातून एकदा समोर आणि मधे व्हिडिओ कॉलवर चालेल का. फोन स्टुलावर टेकवून असा ठेव की पाय बाजूने पूर्ण दिसेल, कमरेपासून टाचेपर्यंत, नाहीतर फिजिओला नुसता चेहरा दिसतो आणि सासूबाई "करतेय की" म्हणत राहतात. हा व्हिडिओ कॉल नणंदेच्या डोक्यावर टाक, रोज संध्याकाळी आईकडून व्यायाम करून घ्यायची ड्युटी तिची. लांबून करता येण्यासारखी सेवा आहे आणि लेकीचं ऐकतात, सुनेचं ऐकत नाहीत हे काय नवीन आहे का.

जखमेचा फोटो रोज एकाच वेळी, दिवसाच्या उजेडात, एक लांबून एक जवळून, आणि फक्त डॉक्टरांनी दिलेल्या नंबरवर, घरच्या ग्रुपवर नको. ग्रुपवर टाकलास की सतरा जण सतरा लेप सुचवतील. पण काही वेळा फोटो काढत बसायचं नाही, सरळ गाडी काढायची, म्हणजे पोटरी सुजून दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू येतोय, पडल्या आणि अचानक दुखायला लागलं. छातीत दुखलं किंवा दम लागला तर 108, कुणाला विचारत बसू नकोस.

आणि तुला कोण विचारत नाही म्हणालीस, तर तूच एक गोष्ट ठरवून टाक, तारीख. द्राक्षाची उन्हाळ्यातली खरड छाटणी उरकल्यावर आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या बऱ्याच आधी, म्हणजे मिस्टर आणि गडी दिवसभर बागेत नसतील, पोरांच्या परीक्षा नसतील. हंगामाच्या मधे धरलं तर तू एकटी मरशील. डॉक्टरांपुढे तारखेचा विषय निघाला की तूच बोल, मागे उभी राहू नकोस, कारण डॉक्टर नंतर फोन तुलाच करणार आहेत.

वॉकर विकत घ्यावा लागेल, तो डाव्या गुडघ्यालापण पुढे लागेलच. कमोडची खुर्ची मात्र सांगली-मिरजेत भाड्याने मिळते, विकत घेऊ नका. संडास भारतीय असेल तर ती खुर्ची ऑपरेशनच्या आठ दिवस आधीच आणून ठेव आणि सासूबाईंना त्यावर बसायची सवय कर, आयत्या वेळी त्या हट्ट करतात.